ओव्हनमधली कोंबडी कोरडी का होते?

आजचा विषय ऐकून सभागृहात थोडं हसू उमटलं, ते साहजिक आहे. वऱ्हाडात कोंबडी म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो रस्सा. वर लाल तर्री, शेजारी ज्वारीची भाकरी. तिथे ओव्हन कुठून आला? पण बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, कुठेही पाहा, बऱ्याच घरांत आता ओटीजी आहे. केकसाठी घेतलेला असतो, दोन-चार केक होतात आणि मग त्यावर कापड पडतं. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यात चिकन करतं, ते वरून करपतं, आत कोरडं चामट होतं, आणि घरचे म्हणतात, आपला रस्साच बरा. हे का होतं आणि कसं टाळायचं, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे भाजणं आपल्याला नवीन नाही. रोडगे आठवा. गोवऱ्या पेटवतो, पण जाळ असताना कुणी रोडगे टाकत नाही. जाळ बसू देतो, निखारे झाले की रोडगे ठेवतो, वरून गरम राख ओढतो. का? जाळात बाहेरचं करपेल आणि आतलं पीठ कच्चं राहील म्हणून. चारही बाजूंनी कोरडी, स्थिर उष्णता आणि आतपर्यंत पोचायला पुरेसा वेळ, एवढीच ओव्हनची विद्या आहे. ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामा तापवायचा असतो, तो याचसाठी. दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर गेलेली मंडळी इथे असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग बिघडतं कुठे? आमच्या मते दोष ओव्हनचा कमी आणि व्हिडिओतल्या कोंबडीचा जास्त. त्या बहुतेक पाककृती कातडीसकट कोंबडीच्या असतात. कातडीखाली चरबी असते, ती वितळत राहते आणि मांसाला कोरडं पडू देत नाही. आपल्याकडचा दुकानदार कातडी ओढून काढतो आणि विचारल्याशिवाय रस्स्याचे लहान तुकडे करून देतो. रस्स्यात लहान तुकडा चालतो, कारण तो पाण्यात शिजतो. तोच उघडा तुकडा दोनशे अंशांच्या कोरड्या हवेत चाळीस मिनिटं ठेवला तर त्यातलं पाणी निघून जाणारच. म्हणजे पाककृती त्यांची आणि कोंबडी आपली, ही जोडी जमत नाही. पाककृती आपल्या कोंबडीप्रमाणे बदलावी लागते.

म्हणून सुरुवात दुकानातच करा. तंगडी आणि मांडी जोडलेले अख्खे लेगपीस मागा, तुकडे करू देऊ नका. पाच जणांच्या घराला साधारण किलोभर, म्हणजे चार-पाच लेगपीस पुरतात. छातीचं मांस ओव्हनमध्ये लवकर सुकतं, पहिल्या प्रयोगाला ते नको. गावरान कोंबडी तर मुळीच नको. ती फिरलेली आणि वयाने मोठी असते, तिचे चिवट धागे मऊ व्हायला ओलावा आणि बराच वेळ लागतो. तिचा मान रस्स्याचाच. ओव्हनला ब्रॉयलर बरी, जिला आपण सरळ 'बॉयलर' म्हणतो. ती पाच-सहा आठवड्यांचीच असते, त्यामुळे कोवळी.

अजून एक बारकावा. आपल्याकडे कोंबडी समोर कापून मिळते, आणि ताजी म्हणून आपण ती लगेच शिजवायला घेतो. पण कापल्यानंतर काही तास मांसाचे स्नायू आखडलेले असतात. सकाळी आणून संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली तर ती मऊ होते. हा वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात मीठ मुरतं.

मीठ आधी लावायचं. किलोला चहाचे सपाट दोन चमचे, थोडी हळद, आणि मांसाला हाडापर्यंत दोन-तीन चिरा. मीठ आत गेलं की मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. अर्ध्या तासाने घट्ट दही चार-पाच मोठे चमचे, आलं-लसूण, तिखट, आणि दोन मोठे चमचे तेल. निघून गेलेल्या कातडीचं काम आता दही आणि तेल करणार आहेत. तंदुरी कोंबडी बिनकातडीची असते आणि तिला दही लागतंच, ते उगाच नाही. लिंबू मात्र शेवटी ताटात पिळा. तासन्‌तास लिंबात ठेवलेलं मांस वरून पिठूळ होतं.

आपला काळा मसाला, भाजलेलं खोबरं, खसखस घालायची इच्छा होणार. घाला, पण दह्यात मिसळून आणि बेताने. हे आधीच भाजलेले, तेलकट पदार्थ आहेत, वरच्या कॉइलखाली उघडे राहिले तर आधी तेच जळतात आणि कडू होतात.

आता भाजणं. ओव्हन दोनशे अंशांवर, खालची आणि वरची दोन्ही कॉइल चालू. ट्रेमध्ये लेगपीस एका थरात, एकमेकांना न चिकटता. दाटी केली की सुटलेलं पाणी ट्रेतच साचतं आणि कोंबडी भाजण्याऐवजी उकडते. पहिली पंचवीस मिनिटं वरून फॉइल घट्ट लावा, ही आपली गरम राख. मग फॉइल काढून आणखी पंधरा ते वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर तो कन्व्हेक्शनवर हवा, नुसत्या मायक्रोवेव्हवर हे जमत नाही आणि त्यात फॉइल तर अजिबात नको.

इथे एका ताईंचा प्रश्न आला की, आमच्याकडे एवढ्याच वेळात कच्ची राहते. विजेचा दाब तपासा. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. घरात 230 ऐवजी 200 व्होल्ट येत असतील तर 1500 वॅटचा ओव्हन साधारण 1130 वॅटचंच काम करतो. संध्याकाळी दिवे मंद होतात त्या गावात हा फरक दिसणारच. तिथे आधीचं तापवणं वाढवा आणि घड्याळावर विसंबू नका.

मग विसंबायचं कशावर? रंगावर नाही. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, त्यातला मगज झिरपून हाडाजवळ लाल दिसतं, मांस पूर्ण शिजलेलं असलं तरी. उलट वरून छान तपकिरी झालेला तुकडा आत कच्चा असू शकतो. खात्रीचा उपाय म्हणजे सुईचा थर्मामीटर, काही शे रुपयांत मिळतो. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश झाले की कोंबडी सुरक्षित. लेगपीस मात्र 80 ते 85 पर्यंत जाऊ द्या, तेव्हा सांध्याजवळचा चिवटपणा विरघळतो. घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं जेवणार असतील तर हा आकडा अंदाजावर सोडू नये. कच्च्या कोंबडीतून सॅल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू येतात, आणि हळद-लिंबू चोळून ते मरत नाहीत.

याच कारणाने नळाखाली धार सोडून कोंबडी धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी हळू ओता, मग बेसिन आणि हात साबणाने. आणि मसाला लावलेली कोंबडी फ्रिजमध्येच मुरू द्या. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मे महिन्यात ती ओट्यावर तासभरही ठेवण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. रविवारी रस्सा होतो तेव्हा एक बाई शेगडीपुढे उभी असते. परतणं, ढवळणं, मग गरम भाकऱ्या, आणि ती जेवायला बसते तेव्हा वाटीत मानेचा तुकडा उरलेला असतो. ओव्हनचं दार लावलं की चाळीस मिनिटं कुणी ढवळावं लागत नाही. त्यातली पहिली पंधरा तिने स्वस्थ बसावं, उरलेल्यात भाकऱ्या होतात. लेगपीस माणशी एक, मोजून. सगळे एकदम बसतात, आणि वाटणीचा प्रश्नच येत नाही. रस्स्याची तर्री नाही मिळत हे कबूल, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी हा सौदा आम्हाला परवडतो.

रस्सा हवाच असेल तर ट्रेच्या तळाशी साचलेला रस टाकू नका. कढईत थोडं कांदा-खोबऱ्याचं वाटण परता, त्यात तो रस आणि कपभर गरम पाणी ओता, खळखळून उकळी काढा. भाकरी कुस्करायला पुरतो.

शेवटचा प्रश्न, मध्येच लाईट गेली तर? घरचा इन्व्हर्टर सहसा ओव्हन ओढत नाही. आधी दार उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत वीज आली तर गेलेल्या वेळाइतकाच वेळ वाढवा आणि थर्मामीटर लावून बघा. नाही आली तर अर्धवट भाजलेली कोंबडी तशीच ठेवून वाट पाहू नका. जाड बुडाच्या कढईत ट्रेतल्या रसासकट घाला, झाकण ठेवा, मंद गॅसवर शिजवून पूर्ण करा.