विद्यापीठाचे कपाट आणि लिनक्सचे दार

पुष्कळ विद्यापीठांत आता प्रत्येक विद्यार्थ्याला मध्यवर्ती संगणकावर थोडी जागा मिळते. तिला आपण कपाट म्हणू या. प्रयोगशाळेत ठेवलेले टिपण ग्रंथालयात बसून काढावे, अशी ही सोय. विंडोजवाल्याला ते कपाट चटकन उघडते. लिनक्सवाला मात्र दाराशी खोळंबतो. असे का बरे?

ह्या कपाटाची बोली बहुधा एसएमबी असते. ती 1980 च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. युनिक्सच्या घराण्यात मात्र 1984 पासून सन कंपनीचे एनएफएस चालत आले. ह्या दोघांतला दुभाषाही एका विद्यापीठातच उभा राहिला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना युनिक्स यंत्रावरच्या फायली आपल्या पीसीवर हव्या होत्या. यंत्रे तारेवरून एकमेकांशी काय बोलतात, ते त्यांनी ऐकून टिपले आणि 1992 साली आपला प्रोग्राम सर्वांना खुला केला. पुढे नाव हवे झाले, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे ओळीने असलेले शब्द त्यांनी शब्दयादीत शोधले. निघाला 'सांबा'! आज ही बोली लिनक्सच्या गाभ्यालाही कळते. त्या भागाला सीआयएफएस म्हणतात.

एखाददुसरी फाइल हवी असेल तर फायलींच्या खिडकीत, पत्त्याच्या जागी एसएमबी, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे सर्व्हरचे व कपाटाचे नाव लिहा. नाव, परवलीचा शब्द आणि डोमेन विचारले जाईल. एवढे पुरते. घरून करायचे तर आधी विद्यापीठाचे व्हीपीएन जोडा, कारण हे दार बाहेरच्यांना सहसा बंद असते.

रोजच्या कामाला कपाट 'माउंट' करावे, म्हणजे तुमच्या यंत्रावरच्या एका रिकाम्या फोल्डरला जोडावे. आज्ञेत तुमचा युआयडी सांगायला विसरू नका. नाहीतर सगळ्या फायली रूटच्या मालकीच्या दिसतील आणि आपल्याच घरात आपल्याला लिहिता येणार नाही. परवलीचा शब्द आज्ञेत लिहू नये, तो आज्ञांच्या इतिहासात राहून जातो. वेगळ्या फायलीत ठेवा, परवानगी 600 करा. जुन्या सूचनांत आवृत्ती 1 लिहिलेली आढळेल, ती मुळीच घेऊ नका. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा उपद्रव विंडोज यंत्रांतल्या त्याच जुन्या बोलीच्या फटीतून पसरला. आता 3 किंवा त्यापुढची चालते.

आणि एक गोष्ट जरा सावकाश वाचा. कपाट जोडलेले नसले तरी तो रिकामा फोल्डर जागेवर असतोच, आणि लिहिण्याचा हक्क असला तर तो मुकाट्याने तुमच्या फायली घेतो! माझ्या एका परिचिताने प्रबंधाचे पूर्ण प्रकरण असेच तीन आठवडे 'विद्यापीठात' ठेवले. प्रत्यक्षात ते त्याच्याच जुन्या डिस्कवर होते. डिस्क गेली तेव्हा कळले की, विद्यापीठाकडे प्रत नाहीच. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी 'findmnt' ही आज्ञा देऊन पाहा. यादीत कपाटाचे नाव दिसले, तरच लिहायला बसा.