फणसातले गरे

मैत्रिणींनो, दुपारची वेळ आहे. मागचं आवरून, ओटा पुसून तुम्ही नुकती कुठे पाठ टेकली आहे. डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीतून धडाड्धूम सुरू होतं. गिटार किंचाळते, ड्रम आदळतात आणि कुणी एक पुरुष जिवाच्या आकांताने ओरडायला लागतो. तुम्ही पडल्या जागेवरूनच हाक मारता, "अरे, बंद कर ते आधी! याला काय गाणं म्हणायचं?" मुलगा आवाज कमी करतो, खोलीचं दार लावून घेतो, आणि विषय तिथेच संपतो.

विषय संपतो खरा, पण दार मात्र लागलेलंच राहतं. आपला मुलगा आत काय ऐकतो, त्याला त्यात काय सापडतं, हे मग आपल्याला कधी कळतच नाही. म्हणून आज त्या दाराआडच्या एका बँडची ओळख करून घेऊ या. बँड म्हटल्यावर आपल्याला वरातीतला बँड आठवतो, पण हा तो नव्हे. हा आहे लेड झेपेलिन. ढणढणाटी रॉक संगीतात याचं नाव अगदी वरच्या रांगेत घेतात. गंमत अशी, की याच बँडने इतकी हळुवार गाणी केली आहेत की ऐकणाराला वाटावं, ही माणसं वेगळीच असली पाहिजेत.

शिशाचा फुगा

१९६८ साली लंडनमध्ये चार तरुण एकत्र आले. गिटार वाजवणारा जिमी पेज, गाणारा रॉबर्ट प्लांट, ड्रम वाजवणारा जॉन बॉनहॅम, आणि बेस गिटारपासून ऑर्गन-मॅन्डोलिनपर्यंत सगळं हाताळणारा जॉन पॉल जोन्स. झेपेलिन म्हणजे पूर्वीच्या काळचं, लांबट फुग्यासारखं हवाई जहाज. आणि लेड म्हणजे शिसं. शिशाचा फुगा कधी उडेल का? अशा थट्टेतूनच हे नाव पडलं. पण नाव नेमकं जुळलं. जड आणि हलकं, दोन्ही त्यात आलं.

१९६९ या एकाच वर्षात त्यांच्या पहिल्या दोन रेकॉर्ड निघाल्या आणि तुफान खपल्या. दोन्हींत गडगडाट भरपूर होता. तरी पहिल्या रेकॉर्डवर 'ब्लॅक माउंटन साइड' नावाचा जेमतेम सव्वादोन मिनिटांचा एक तुकडा आहे. त्यात फक्त गिटार, आणि सोबतीला चक्क आपला तबला! तो वाजवला आहे विराम जसानी यांनी. म्हणजे शांतपणाची ओढ या मंडळींना पहिल्यापासूनच होती. लोकांचं मात्र तिकडे लक्ष गेलं नाही.

वीज नसलेलं घर

१९७० च्या वसंतात अमेरिकेचा लांबलचक दौरा संपवून पेज आणि प्लांट थकून गेले होते. रोज नवं गाव, नवं हॉटेल, नवा गलबला. तेव्हा प्लांटला लहानपणी सुटीत पाहिलेलं एक घर आठवलं. वेल्सच्या डोंगराळ भागातलं, अठराव्या शतकातलं, ब्रॉन-इर-आउर नावाचं. घरात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. प्लांटने बायकोला, चिमुकल्या मुलीला आणि कुत्र्याला बरोबर घेतलं, पेज आणि आणखी दोन-चार जण आले, आणि ही मंडळी तिथे जाऊन राहिली.

आता तुम्हीच सांगा, वीज नाही म्हटल्यावर विजेवरची गिटार कशी वाजणार? शेकोटीपाशी बसून साधी लाकडी गिटार छेडायची, बरोबर नेलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर सूर उतरवून ठेवायचे, हाच उद्योग. एकदा दोघे लांबवर फिरायला गेले आणि वाटेत विसाव्याला बसले असताना त्यांना एक गाणं सुचलं, 'दॅट्स द वे'. आधी त्याचं नाव होतं 'शेजारचा मुलगा' अशा अर्थाचं. ज्याच्याशी खेळायला घरून बंदी झाली आहे अशा मित्राविषयीचं ते गाणं. "त्याच्याबरोबर दिसलास तर बघ!" हे वाक्य आपल्यापैकी कुणी उच्चारलेलं नाही? ते वाक्य ऐकणाऱ्या पोराच्या मनात काय होतं, ते या गाण्यात आहे. त्यात ना आरडाओरडा, ना ड्रमचा दणका. शिवाय प्लांटच्या त्या कुत्र्यावरही एक गाणं झालं, टाळ्यांच्या ठेक्याचं, खेळकर.

ही गाणी १९७० च्या ऑक्टोबरात तिसऱ्या रेकॉर्डवर आली. पहिल्या बाजूला नेहमीचा दणका, दुसऱ्या बाजूला बहुतेक सगळी साध्या गिटारची गाणी. रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली खरी, पण कित्येक समीक्षकांनी नाकं मुरडली. "यांचा जोर संपला, आता हे दुसऱ्यांची नक्कल करू लागले," असा सूर निघाला. माणसाची एक ओळख ठरून गेली की लोकांना दुसरी चालत नाही. कडक म्हणून नाव झालेली सासू एखाद्या दिवशी मऊ बोलली, तर आपणही म्हणतोच ना, "आज काय काम आहे बाई यांचं?"

नाव न छापलेली रेकॉर्ड

टीका पेजला फार लागली. पुढच्या, १९७१ च्या रेकॉर्डवर त्यांनी ना नाव छापलं, ना स्वतःचे फोटो. मुखपृष्ठावर फक्त पोपडे निघालेल्या भिंतीवर टांगलेलं एक चित्र, पाठीवर मोळी घेऊन वाकलेल्या म्हाताऱ्याचं. तो कोण, हे कोडं पुढे पन्नास वर्षं सुटलं नाही. मूळ छायाचित्र १८९२ चं आणि तो म्हातारा इंग्लंडमधला छपरं शाकारणारा कामगार, हे २०२३ साली कळलं.

या रेकॉर्डवर दणका तर होताच, पण शांत गाणी सोडायला मात्र ते तयार नव्हते. त्यातलं 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' कसं जन्मलं पाहा. जोन्सचं मॅन्डोलिन तिथे पडलं होतं. पेजने ते कधी हातात धरलेलं नव्हतं. सहज उचललं, तारा छेडता छेडता चाल सापडली. आपल्याकडे सज्जाद हुसेन यांनी सिनेसंगीतात अमर करून ठेवलेलं तेच हे वाद्य. या गाण्यात प्लांटबरोबर सँडी डेनी ही लोकगीतं गाणारी गायिका गायली आहे. लेड झेपेलिनच्या स्टुडिओतल्या गाण्यांत दुसऱ्या कुणा गायकाला जागा मिळाली ती एवढी एकदाच, आणि ती एका बाईला. बिचारी १९७८ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली.

त्यांचं सर्वांत गाजलेलं 'स्टेअरवे टु हेवन' याच रेकॉर्डवरचं. आठ मिनिटांच्या या गाण्यात पहिली चार मिनिटं ड्रम वाजतच नाहीत. गिटार आणि बासरीसारखी वाद्यं संथ चालतात, मग हळूहळू लय वाढत जाते. आपण विलंबित ऐकून मग द्रुताची वाट पाहणाऱ्या, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

मुंबईची फेरी

ही मंडळी आपल्या मुंबईतही येऊन गेली आहेत. १९७२ च्या ऑक्टोबरात पेज आणि प्लांट यांनी मुंबईच्या एका स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा वाजवून पाहिली. तबला होता, तंतुवाद्यं होती. ते ध्वनिमुद्रण त्रेचाळीस वर्षं कपाटातच राहिलं आणि अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ साली. 'फ्रेंड्स' मिळवून ऐकाच. ओळखीचा ठेका आणि अनोळखी चाल एकत्र आल्यावर कान कसे टवकारतात ते बघा.

पुढे १९७३ मध्ये 'द रेन साँग' आलं. "तुम्ही संथ गाणी करतच नाही," असं बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन म्हणाला म्हणून हे केलं, असं पेजनेच सांगितलं आहे. ड्रमवर तुटून पडणारा बॉनहॅम या गाण्यात काठ्या बाजूला ठेवून ब्रशने वाजवतो. तो जणू निजलेल्या पोराला जाग येऊ नये अशा बेताने हात चालवतो.

बापाचं गाणं

१९७७ च्या जुलैत बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. रॉबर्ट प्लांटला घरून फोन आला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक पोटाच्या संसर्गाने आजारी पडला होता आणि पाहता पाहता गेला. दौरा तिथेच थांबला. प्लांट घरी परतला. वर्षभराहून अधिक काळ बँड गप्प होता. पुन्हा गायचं की नाही, हाच प्रश्न होता.

१९७८ च्या अखेरीस चौघे स्वीडनमध्ये स्टुडिओत जमले आणि पुढच्या वर्षी निघालेल्या रेकॉर्डवर 'ऑल माय लव्ह' हे गाणं आलं. चाल प्लांट आणि जोन्स यांची. गाणं सरळ, गोड चालीचं आहे. आक्रोश कुठेच नाही. हजारोंच्या मैदानात किंकाळ्या फोडणारा हा माणूस पोटच्या पोरासाठी गायला बसला तेव्हा त्याने आवाज खाली घेतला. घरात मरण पाहिलेल्या कुणाही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या दिवशी हंबरडा फुटतो. पुढची सगळी वर्षं माणूस हळूच बोलतो.

१९८० च्या सप्टेंबरात अतिरेकी मद्यपानाने बॉनहॅम गेला, वय अवघं बत्तीस. त्याच वर्षी डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. दारू, नशा, हॉटेलांतली दंगामस्ती हे सगळं या मंडळींच्या आयुष्यात होतं. ते झाकून ठेवू नये आणि मुलांशी बोलताना टाळूही नये. पण म्हणून ही गाणी खोटी ठरत नाहीत.

कसं ऐकावं?

आता थोडं कामाचं. सुरुवात चुकूनही दणक्याच्या गाण्याने करू नका, नाहीतर पहिल्याच मिनिटाला बंद कराल. आधी 'गोइंग टु कॅलिफोर्निया' लावा. साडेतीन मिनिटांचं, गिटार आणि मॅन्डोलिनचं, ड्रम अजिबात नाहीत. मग 'दॅट्स द वे'. तिसऱ्या दिवशी 'द रेन साँग', शक्यतो संध्याकाळी, बाहेर पाऊस असेल तर फारच छान. 'ऑल माय लव्ह' शेवटी, आणि एकटीने. इंग्रजी शब्द समजले नाहीत तरी हरकत नाही. अनोळखी भाषेतलं भजनही आपण चालीवर ऐकतोच. कुकरची शिट्टी आणि फोन यांतून दहा मिनिटं मोकळी काढा मात्र. भाजी चिरता चिरता ही गाणी निसटून जातात.

एवढं झालं की एक दिवस मुलाच्या, मुलीच्या, नाहीतर धाकट्या दिरांच्या दारावर टकटक करा. "अरे, ते मॅन्डोलिनचं कुठलं रे गाणं, लाव बघू जरा," एवढंच म्हणा. आधी ते तोंडाकडे बघत राहतील. मग खुर्ची सरकवून तुम्हाला बसायला जागा करून देतील. आणि त्यानंतर एखादं ढणढणाटी गाणं लागलंच, तर लगेच उठू नका. फणसाचे काटे हाताला लागले म्हणून आपण गरे टाकून देत नाही. हाताला तेल लावतो आणि सावकाश सोलायला बसतो.