मनी प्लांटची पांढरी नक्षी गायब होतेय? जाणून घ्या कारण आणि उपाय

नर्सरीतून आणलेल्या ‘मार्बल क्वीन’ मनी प्लांटच्या पानापानावर पांढरी नक्षी असते. काही महिन्यांनी मात्र नवी पानं साधी हिरवी येऊ लागतात. असं का होतं आणि नक्षी टिकवायची कशी?

पांढरा भाग म्हणजे नेमकं काय?

पानातलं हिरवं हरितद्रव्य उजेडाच्या मदतीने अन्न तयार करतं. पांढऱ्या भागात ते फारच कमी असतं किंवा नसतंच. गच्चीवरचे अर्धे सोलर पॅनेल बंद पडावेत, पण घरातले दिवे-पंखे तेवढेच चालू राहावेत, तशी या वेलीची स्थिती असते. त्यामुळे ती साध्या मनी प्लांटपेक्षा हळू वाढते.

मग पानं हिरवी का होतात?

पहिलं कारण कमी उजेड. हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या वेलीची नवी पानं जास्त हिरवी येतात. दुसरं कारण, मध्येच निघणारा पूर्ण हिरवा फुटवा. त्याची कमाई जास्त, म्हणून तो वेगाने वाढतो आणि नक्षीदार फांद्यांना मागे टाकतो.

काय कराल?

जागा : कुंडी खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या खिडकीतलं एप्रिल-मेचं ऊन मात्र पांढरा भाग करपवतं.

छाटणी : हिरवा फुटवा दिसला की मागे या आणि शेवटच्या नक्षीदार पानाच्या पेराच्या किंचित वर कापा. नवा फुटवा तिथूनच येतो.

पाणी : वाढ हळू, म्हणून पाणीही कमी लागतं. बोट खुपसून पाहा, वरची इंचभर माती कोरडी असेल तरच पाणी द्या. पावसाळ्यात माती लवकर सुकत नाही. तेव्हा रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात.

जितकं पांढरं तितकं चांगलं?

नाही. पूर्ण पांढरं पान हिरव्या पानांच्या कमाईवर जगतं. त्यामुळे केवळ पांढऱ्या पानांची कटिंग कितीही सुंदर दिसली, तरी ती फार काळ तग धरत नाही. विकत घेताना प्रत्येक पानावर पुरेसा हिरवा भाग आहे ना, हे आधी बघा.

घरात लहान मूल किंवा मांजर आहे?

मग वेल उंचावर ठेवा. मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. छाटणीनंतर हातही धुवा.

फरक कधी दिसेल?

हिरव्या झालेल्या जुन्या पानांवर नक्षी परत येत नाही. जागा बदलल्यानंतर येणारी पुढची दोन-तीन पानं बघा. उपाय लागू पडला की नाही, ते त्यांच्यावरूनच कळेल.