कॉलेजात सांगायचे कुणाला?

केळझरहून मुले वर्ध्याच्या एसटीत बसली की आम्ही निर्धास्त होतो. पण ३ फेब्रुवारी २०२० ला आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, कॉलेजात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला मागे लागलेल्या माणसाने भररस्त्यात पेटवले. आठवडाभराने ती गेली.

असा त्रास मुलीने आधी सांगायचा कुणाला? जुलै २०२५ मध्ये विद्यार्थी आत्महत्येच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शंभर विद्यार्थ्यांच्या संस्थेतही समुपदेशक आवश्यक केला. शिपायासह सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षणही. शिपाई धरला हे बरे झाले, रडवेले पोर गेटवर आधी त्यालाच दिसते.

अब्बांनी प्रवेशावेळी फीसोबत समुपदेशकाची खोलीही विचारावी. अन् ‘कॉलेज बंद करीन’ ही धमकी घरात नको. तिच्या भीतीनेच मुली गप्प बसतात. टेली-मानसचा १४४१६ क्रमांक रात्रीही लागतो, मोफत.