मोडेमपासून मनोऱ्यापर्यंत

घरातला एक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि टेलिफोनची एक लाइन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपले स्वतःचे जाळे चालवायला एवढे साहित्य पुरत असे. त्याला बुलेटिन बोर्ड म्हणत, थोडक्यात बीबीएस, आणि तो चालवणारा तो सिसॉप. शिकागोत हिमवादळाच्या दिवसांत कामाला लागून १९७८च्या फेब्रुवारीत वॉर्ड ख्रिस्तनसन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बोर्ड सुरू केला. दहा-अकरा वर्षांत ही हौस मुंबई, बंगळूर आणि दिल्लीत येऊन पोहोचली. आज राजधानीच्या भोवतालच्या खेड्यांत छपरावर अँटेना चढवून इंटरनेट पोहोचवणारी पोरे याच हौसेचे वारसदार आहेत. या दोन टोकांमधली गोष्ट यंत्रांची कमी आणि परवान्यांची जास्त आहे.

बोर्डाचा कारभार साधा होता. लाइन एकच, त्यामुळे पाहुणाही एका वेळी एकच. दुसऱ्याने नंबर फिरवला की एंगेज टोन. आत शिरलेला माणूस निरोप वाचायचा, स्वतःचा निरोप ठेवायचा, एखादी फाइल उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्यासाठी जागा करून द्यायचा. सेकंदाला २,४०० बिट्सच्या मोडेमवर १०० किलोबाइटची फाइल यायला सात मिनिटे लागत. तेवढ्यात घरात कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की सगळे मुसळ केरात. आणि ही चैन ज्याच्याकडे फोन होता त्याचीच, कारण फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ.

शहराबाहेर निरोप धाडायचा तर फिडोनेट होते. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रचलेल्या या व्यवस्थेत एक बोर्ड रात्री दुसऱ्या बोर्डाला आपणहून फोन लावी आणि साठलेली टपाल-थैली रिकामी करी. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, तेव्हाच संगणकही बोलू लागत. निरोप पोहोचायला दिवस-दोन दिवस गेले तरी कोणाची तक्रार नसे.

या मंडळींत मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे नाव अतुल चिटणीस यांचे. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे आणि कर्मभूमी बंगळूर. तिथे त्यांनी ‘सिक्स’ हा बोर्ड चालवला. पण देशभरच्या हौशी मंडळींना ते ठाऊक झाले ते ‘पीसी क्वेस्ट’ मासिकातल्या लेखनामुळे. दिल्लीच्या सायबरमीडिया समूहाच्या या मासिकाने १९९६मध्ये लिनक्सची सीडी अंकासोबत वाटली. मोडेमवरून ज्या प्रणालीची एकेक फाइल उतरवताना रात्री सरल्या असत्या, ती स्टॉलवर मिळू लागली. आपल्या घरच्या यंत्राला सर्व्हर करायचे, हे वेड अनेकांना त्या सीडीने लावले. चिटणीस २०१३मध्ये गेले.

सरकारी जाळे वेगळेच होते. १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू केले. जुहूची एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि दिल्लीतला खुद्द विभाग यांना ते जोडत होते. प्राध्यापक-संशोधकांना परदेशी ईमेल मिळत होते. बाहेरच्या माणसाला तिथे दार नव्हते. त्याच्यासाठी बोर्ड हाच उंबरठा.

त्या उंबरठ्यावर दूरसंचार खाते येऊन उभे राहिले. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यानुसार तारेवरून निरोप नेण्याचा अधिकार सरकारचा. इतरांना तो परवान्यानेच मिळणार. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात खात्याने ईमेल सेवा आणि बोर्ड चालवणाऱ्यांवर वर्षाला लाखो रुपयांचे परवाना-शुल्क लावले. ज्याच्याकडे सगळी मिळून पन्नास-शंभर माणसे फोन करत होती, त्याने हे पैसे आणायचे कुठून? दिल्लीचे अभियंते अरुण मेहता आणि त्यांचे सहकारी ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ या मंचातून याविरुद्ध उभे राहिले. इंटरनेटवरून फोन करण्याच्या बंदीविरुद्धही मेहता पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ती बंदी सरकारने अखेर १ एप्रिल २००२ रोजी उठवली.

बोर्डांचा शेवट मात्र खात्याने केला नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये मोजावे लागत. महाग खरे, पण पलीकडे सगळे जग होते. पाहता पाहता बोर्डांचे फोन वाजेनासे झाले. १९९८च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली. शहरांत सायबर कॅफे आले, केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकल्या. खेड्यात मात्र तार टाकण्याचा खर्च आणि मिळणारे गिऱ्हाईक यांचा हिशेब कोणत्याच कंपनीला जुळेना.

तारेवाचून जायचे तर रेडिओलहरी हव्यात, आणि लहरींनाही परवाना. हे कुलूप जानेवारी २००५मध्ये निघाले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, घराबाहेरसुद्धा, परवान्याविना वापरायला मोकळा झाला. पुढे ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टाही मिळाला. अगोदर घरातल्या घरात वापरायचा वायफाय राउटर आता डोंगरावर चढवता येणार होता. धरमशाळेत याहेल बेन-डेव्हिड आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच केले. दुकानात मिळणाऱ्या साध्या राउटरमध्ये मुक्त प्रणाली घालून त्यांनी तिबेटी शाळा-संस्था जोडल्या. ‘एअरजल्दी’ म्हणून हे जाळे नावारूपाला आले. तिथे तारा कुरतडणाऱ्या आणि अँटेनांना लोंबकळणाऱ्या माकडांचा बंदोबस्त हा जोडणीच्या कामाचाच भाग असे.

दिल्लीत या कामाला संस्थेचे रूप दिले ते डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने. ओसामा मंझर यांनी २००२मध्ये ती स्थापन केली. २०१०मध्ये इंटरनेट सोसायटीच्या सहकार्याने तिने ‘वायरलेस फॉर कम्युनिटीज’ हा उपक्रम सुरू केला आणि पहिले गाव निवडले मध्य प्रदेशातले चंदेरी, साड्यांसाठी प्रसिद्ध असलेले विणकरांचे गाव. मुख्य अट अशी की जाळे उभारणारा आणि सांभाळणारा माणूस गावातलाच हवा. पदवी नसली तरी चालेल; शिडी चढता आली पाहिजे, केबलचे टोक नीट दाबता आले पाहिजे.

हे काम जवळून पाहिले तर त्यातली कसरत कळते. तालुक्याच्या ठिकाणाहून दहा किलोमीटरवरच्या गावात ५.८ गिगाहर्ट्झवर लहर न्यायची आहे. दोन्ही टोकांना लहान डिश बसवतात. डिशला डिश दिसली की झाले, असे नाही. लहर मधोमध फुगते. वाटेच्या मध्यावर तिला चहूबाजूंनी सुमारे अकरा मीटर मोकळी जागा लागते. उन्हाळ्यात लागलेली जोडणी पावसाळ्यात मंदावते, कारण मधल्या झाडांना पालवी फुटते आणि पानांतले पाणी लहर पिऊन टाकते. मग मनोऱ्यावरचा पोरगा डिश केसभर फिरवतो, खालचा लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा वाचतो: उणे ऐंशी, उणे बहात्तर, उणे पासष्ट. उणे साठच्या आसपास आला की नटबोल्ट आवळायचे. बाकी शत्रू म्हणजे वीज: गायब होणारी आणि आकाशातून पडणारी.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गुरुग्रामच्या काचेच्या इमारती जशा येतात, तसे हरियाणातले नूह आणि राजस्थानातले अलवरही येतात. नीती आयोगाने २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा नूह, म्हणजे मेवात, तळाला होते. अलवर जिल्ह्यातल्या चांदोली गावात फाउंडेशनचे केंद्र होते. ऑक्टोबर २०१४मध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग ते पाहायला आले आणि गावाचे नाव जगभर छापून आले. पुढे त्यांच्या कंपनीने ‘फ्री बेसिक्स’ आणले: निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. गावाला इंटरनेट द्यायचे की इंटरनेटचा एक कोपरा, यावर देशभर वाद पेटला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला आयआयटी मुंबईने हात घातला. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. या लहरी लांब असतात, झाडीतून त्यांना वाट काढता येते. पंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेचा फायबर आणि तिथून पाड्यांपर्यंत रेडिओ, असा त्यांचा आराखडा. २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले.

दरम्यान, सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा खेड्यांतही खिशात पोहोचला. गावच्या मनोऱ्याची गरज संपली, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण फोनवरच्या डेटावर शाळेची संगणक-खोली किंवा आपले सरकार केंद्र दिवसभर चालत नाही. त्यांना पक्की जोडणी लागते. खरी अडचण दुसरीच आहे. लहर फुकट असली तरी गावापर्यंत येणारी मोठी जोडणी एखाद्या कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि तिचा दर कंपनी ठरवते. डिसेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकेल, अशी ती तरतूद. तरी अशा दुकानदाराला महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावण्याचा प्रकार थांबला नाही. जून २०२५मध्ये ट्रायने घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीहून जास्त आकारायला मनाई केली. तीस वर्षांपूर्वी सिसॉपला परवाना-शुल्क परवडत नव्हते; गावच्या चालकाला घाऊक दर परवडत नव्हता. हिशेबाचे कोष्टक तेच.

आणि परवान्याची आणखी एक बाजू आहे. जुलै २०२३च्या अखेरीस नूहमध्ये दंगल झाली आणि जिल्ह्याचे मोबाइल इंटरनेट बरेच दिवस बंद राहिले. इंटरनेट बंद ठेवण्याचे तेव्हाचे नियमही १८८५च्याच कायद्याखालचे. नवा दूरसंचार कायदा २०२३च्या डिसेंबरमध्ये आला. बंदीचा अधिकार त्यातही शाबूत आहे.

म्हणून गावातले जाळे मोजायचे ते वेगाने मोजून भागत नाही. जोडणी बिघडली तर त्याच दिवशी शिडी लावणारा माणूस गावात आहे का, आणि घाऊक दर त्याचा घास घेणार नाही ना, हे आधी पाहावे. सिसॉपला आपला प्रत्येक पाहुणा नावानिशी ठाऊक असे. चंदेरीच्या उपक्रमाने ‘गावातलाच माणूस हवा’ अशी अट घातली, तिच्यात ती ओळख टिकून आहे. ती अट पाळायची तर त्या माणसाला महिन्याकाठी चार पैसे सुटले पाहिजेत, आणि त्याचे गणित मनोऱ्यावर सुटत नाही. ते दिल्लीत दूरसंचार खात्याच्या संचार भवनात आणि ट्रायच्या दरपत्रकात सुटते.