बाजू दुप्पट, माप किती?

नाशिकच्या भांडीबाजारात चौकोनी डबा घेताना आपण काय पाहतो? चकाकी, पत्र्याची जाडी, झाकण घट्ट बसतं की नाही, आणि अर्थातच किंमत. मापाचं मात्र दुकानदारावर सोपवतो. "वहिनी, हा त्याच्या दुप्पट आहे," असं तो म्हणाला की आपण मान डोलावतो. पण दुप्पट म्हणजे नेमकं काय दुप्पट, हे कधी विचारलंत?

समजा, आतून लांबी, रुंदी आणि उंची १०-१० सेंटीमीटर असा एक डबा आहे. त्यात बरोबर १ लिटर पाणी मावतं. आता २० सेंटीमीटरचा डबा घ्या. पत्र्याची जाडी सोडून दिली, तर त्याच्या तळाशी लहान डबे लांबीत २ आणि रुंदीत २, असे ४ बसतील. त्यावर तसाच दुसरा थर. झाले ८! बाजू दुप्पट, पण माप आठपट. ३० सेंटीमीटरच्या डब्यात ३ × ३ × ३ म्हणजे २७ मावतील.

हाच हिशेब उलटा झाला की फटका बसतो. गच्चीवरच्या १ मीटर लांब, रुंद, उंच टाकीत १००० लिटर पाणी राहतं. खर्च वाचावा म्हणून कुणी सुचवतं, "सगळी मापं निम्मी करू." आपल्याला वाटतं, निम्मं पाणी तरी मिळेल. प्रत्यक्षात मिळतं १२५ लिटर! नळाला पाणी नसेल त्या दिवशी पाच माणसांना ते किती पुरणार? आणि बोलणी खायची घरातल्या बाईनं. निम्मंच पाणी हवं असेल, तर लांबी-रुंदी तशीच ठेवून फक्त उंची निम्मी करायला सांगा.

एक खबरदारी मात्र घ्या. १० सेंटीमीटरच्या डब्यात ३ सेंटीमीटरच्या चौकोनी वड्या भरायच्या आहेत. १००० ला २७ नं भागलं की ३७ येतात. पण एका बाजूला वड्या बसतात ३च, १ सेंटीमीटर उरतो. म्हणून रांगेनं लावल्या तर मावतील २७. पाणी-पिठाला भागाकार चालतो. वड्यांना तिन्ही बाजूंवर किती बसतात ते पाहून गुणाकार करावा.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'तही असाच हिशेब आहे. वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ जाड; रास ८ हात लांब, ५ रुंद, ३ उंच; आणि हात म्हणजे २४ अंगुळं. उत्तर : २५६० विटा, २४ थर. जरा भागून पाहा, एका थरात १०६ विटा आणि वर दोन तृतीयांश! गवंड्याला विटा फोडाव्याच लागणार.

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. आणि 'लीलावती'तली कितीतरी गणितं एका मुलीलाच उद्देशून विचारली आहेत बरं का! तेव्हा "हिशेब बायकांना काय कळतो?" असं कुणी म्हणालं, तर पुढच्या खेपेला बाजारात पर्समध्ये टेप घेऊनच जा.