भाडं कमी म्हणून घर स्वस्त?

गिरगाव, दादर, परळ अशा दक्षिण आणि मध्य मुंबईच्या भागात वन बीएचके शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि भाडं कमी ते घर स्वस्त, असा सरसकट समज असतो. हेवी डिपॉझिटचा व्यवहार याच समजावर चालतो. समजा, महिना २५ हजार भाडं आणि २० लाख अनामत. ऐकायला सोपं वाटतं. सरकार मात्र हिशेब वेगळा मांडतं. लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क काढताना अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवलं जातं. त्या हिशेबाने या घराचं खरं भाडं ४१ हजार ६६७ रुपये होतं. मुदत ठेवीवर १० टक्के कुठे मिळतात, असं कुणी म्हणेल. ठीक, ७ टक्के धरा. तरी आकडा ३६ हजारांच्या वर जातो. ‘पैसे परत मिळतातच ना’ हे दुसरं उत्तर. मिळतात, पण घर सोडायच्या दिवशी मालकाकडे ते असले तर. तोवर २० लाख विनातारण उसने दिलेले असतात, याचं भान व्यवहार ठरताना फार थोड्यांना असतं.

दुसरा समज अकरा महिन्यांचा. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली. ती टाळायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती कधीच बुजली आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. तेव्हा तीन वर्षांचा करार करायला अडचण नाही, आणि दलाली दर अकरा महिन्यांनी मोजावी लागत नाही. एका महिन्याचं भाडं दलाली हा बाजाराचा रिवाज आहे, कायदा नव्हे. घासाघीस जरूर करावी. लांब कराराने आपण अडकू, ही भाडेकरूची भीती नोटिशीचं कलम नीट लिहून घेतलं की उरत नाही. भाडेकरू घर बळकावेल, ही मालकाची भीती. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा परत मिळतो.

खरी मेख जुन्या इमारतींत आहे. गिरगावात आजूबाजूच्या दरापेक्षा बरंच स्वस्त घर दिसलं, तर ते पागडीचं असू शकतं. म्हणजे देणारा स्वतःच भाडेकरू. करारात तशी मुभा नसेल, तर त्याला ती जागा पोटभाड्याने देता येत नाही. दिली तर मूळ घरमालक त्यालाच बाहेर काढू शकतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही जाता. म्हणून टोकन देण्याआधी घर देणाऱ्याकडे सोसायटीचं भाग प्रमाणपत्र मागावं. त्याऐवजी त्याने भाडेपावती पुढे केली, तर घरमालकाची लेखी संमतीही मागावी. नुसत्या वीजबिलावर भागवू नये; बिल भाडेकरूच्या नावानेही येतं.